मळणीयंत्राचे तोंड आणि सातबाऱ्यावरील नाव

आम्ही राहतो त्या चेंबुरास आता नांगरटीची जमीन उरलेली नाही. भाताच्या खाचरांच्या जागी इमारती उभ्या आहेत. तथापि आमच्या ओळखीच्या पुष्कळ कुटुंबांची नावे गावाकडील सातबाऱ्यावर अजून आहेत. मळणीयंत्र किंवा कडबाकुट्टी घेण्यास पैसा येथून जातो. यंत्रापाशी उभे राहणारे माणूस मात्र गावचे असते. अशा दूरस्थ मालकांस उद्देशूनच पुढील चार शब्द लिहीत आहो.

महसूल खात्यात कारकुनी करीत असता अपघाती मृत्यूचे कागद आमच्या टेबलावरून जात. त्यांपैकी एक प्रकरण अद्याप विसरता येत नाही. मळणीवर रोजाने गेलेल्या एका बाईचा पदर ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यात अडकला व ती जागीच गतप्राण झाली. पंचनाम्यात कारण लिहिले होते, "पदर अडकून". दांड्यावर झाकण होते की नव्हते, याविषयी एक अक्षर नव्हते. आम्हीही ते विचारले नाही. कारण नमुन्यात तसा रकानाच नव्हता. दोष जणू पदराचाच!

वास्तविक हिशेब साधा आहे. ट्रॅक्टरचा हा दांडा, ज्यास सर्वत्र पीटीओ म्हणतात, सामान्यतः मिनिटास 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदास 9. तीन इंच जाडीच्या दांड्यावर एका सेकंदात सुमारे दोन मीटर वस्त्र गुंडाळले जाते. "अरे, थांबव!" असे ओरडेपर्यंत सारे संपलेले असते. म्हणून सावधगिरीचा उपदेश येथे फारसा उपयोगी नाही. दांड्यावर झाकणच पाहिजे. ते झाकण बहुधा यंत्राबरोबर येते, आणि वंगण देण्यास अडचण होते म्हणून पहिल्याच हंगामात काढून गोठ्याच्या कोपऱ्यात टाकले जाते.

मळणीयंत्राच्या तोंडाचीही तीच कथा. पेंढी घालण्याचे पन्हाळ निदान 900 मिलिमीटर लांब असावे व त्यातील 450 मिलिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे भारतीय मानकात सांगितले आहे. हे माप उगाच ठरविलेले नाही. माणसाचा हात ड्रमपर्यंत पोहोचू नये एवढाच त्यातील हेतू. परंतु काम उरकावे म्हणून कोणी पन्हाळ कापून आखूड करतो, आणि रात्री अकरा वाजता डुलक्या घेणारा मजूर त्यात पेंढी कोंबीत असतो. मळणीयंत्राने हात गेल्याच्या घटना इतक्या वाढल्या की 1983 साली संसदेस धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला, व त्यात नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत आमच्या टेबलावर त्या कायद्याखालील एकही अर्ज आला नाही.

यंत्र म्हणजे केवळ दाते व पट्टे नव्हेत. 2025 च्या एप्रिल महिन्यात नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि हळद काढावयास निघालेल्या सात स्त्रिया बुडून मेल्या. त्या हिंगोली जिल्ह्यातील गुंज गावच्या होत्या. ट्रॉली माल वाहण्यासाठी असते हे कोणास ठाऊक नाही? पण मजुरांस शेतावर नेण्याचे दुसरे वाहन मालक देत नाही, आणि मजुरास नाही म्हणण्याची सोय नसते.

आता मदतीविषयी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना 2023 च्या एप्रिलपासून सानुग्रह अनुदान म्हणून चालविण्यात आली. मृत्यू झाल्यास वारसांस दोन लाख रुपये. योजना चांगली, हे आम्ही नि:शंकपणे म्हणतो. परंतु ती सुरू झाली तेव्हा खातेदारासाठी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी होती. यंत्राच्या तोंडाशी मात्र बहुधा भूमिहीन उभा असतो. वर सांगितलेल्या बाईच्या नवऱ्याने सातबारा मागताच मान खाली घातली, आणि "अर्जासोबत उतारा नाही" असा शेरा आम्हीच आमच्या हाताने लिहिला. शेरा नियमास धरून होता. यंत्र मात्र उतारा पाहून माणूस ओढीत नाही.

तेव्हा आमचे म्हणणे असे की, भूमिहीन शेतमजुराचा या योजनेत समावेश व्हावा, अशी मागणी आपल्या मंडळाने लेखी करावी. मंडळाचे जे सभासद यंत्र भाड्याने देतात, त्यांनी झाकणाशिवाय ते आवारातून बाहेर काढू नये. आणि चेंबूर-घाटकोपरकडील जे सभासद गावी पैसे पाठवितात, त्यांनी दिवाळीस जातील तेव्हा धान्याच्या पोत्यांबरोबर गोठ्याचा तो कोपराही पाहून यावा. आम्ही गेल्या खेपेस पाहिला. आमच्या पुतण्याच्या यंत्राचे झाकण तेथेच होते, आणि त्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती.