विश्लेषण : केनिया-झांझिबार सहल, पण सुईची आणि रमजानची तारीख पाहिली का?

विमानाचं तिकीट झालं, सफारी बुक झाली, व्हिसाही आला. तरीही पिवळ्या रंगाची एक छोटी पुस्तिका नसेल, तर सहलीचा शेवट मुंबई विमानतळावरून थेट विलगीकरण कक्षात होऊ शकतो.

नेमका नियम काय?

भारतातून थेट केनियात जाताना पीतज्वर म्हणजेच ‘यलो फीव्हर’च्या लशीचं प्रमाणपत्र मागितलं जात नाही. त्यामुळे अनेक जण गाफील राहतात. खरी अडचण परत येताना होते. केनियासारख्या जोखमीच्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जातं. केनियातून टांझानियात किंवा झांझिबारला जातानाही हेच प्रमाणपत्र लागतं.

भारत इतका कडक का?

आपल्याकडे हा आजार नाही, पण तो पसरवणारा डास आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती तोच. एक बाधित प्रवासीही साखळी सुरू करू शकतो आणि या आजारावर नेमका उपचार नाही.

लस कधी घ्यायची?

प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी वैध होतं. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. हा नियम 11 जुलै 2016 पासून लागू आहे. लस सरकारमान्य केंद्रांवरच घ्यावी. एका बाटलीत अनेक डोस असतात आणि ती उघडल्यावर काही तासांतच संपवावी लागते. त्यामुळे बरीच केंद्रं ठरावीक वारीच लस देतात. किमान महिनाभर आधी वेळ घ्या.

आई-बाबांना नेताय?

साठीनंतर या लशीच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा कमकुवत प्रतिकारशक्ती असेल, तर लस टाळतात. डॉक्टरांचं सूट-पत्र मिळतं, पण विमानतळावर अंतिम निर्णय आरोग्य अधिकाऱ्याचा असतो. म्हणून आधी डॉक्टर, मग तिकीट.

रमजानचा संबंध कुठे येतो?

झांझिबारची बहुसंख्य लोकसंख्या मुस्लीम आहे. रमजान दरवर्षी साधारण 11 दिवस आधी येतो. 2027 मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल. नेमक्या याच काळात दक्षिण सेरेंगेटीत वाइल्डबीस्टची पिल्लं जन्मतात, म्हणून पर्यटकांची गर्दी असते. या महिन्यात दिवसा रस्त्यावर खाणं-पिणं टाळावं. स्थानिक हॉटेलं बंद असतात, रिसॉर्टमध्ये जेवण मिळतं. लहान मुलं किंवा मधुमेही सोबत असतील, तर मुक्काम तसा निवडा. स्टोन टाउनमध्ये खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे वर्षभर घालावेत.

आणखी एक खर्च

1 ऑक्टोबर 2024 पासून झांझिबारमध्ये परदेशी पर्यटकांना तिथल्याच सरकारी कंपनीचा विमा बंधनकारक आहे. प्रौढांसाठी तो 44 डॉलर. भारतात काढलेला विमा असला, तरी हा वेगळा भरावा लागतो.

थोडक्यात, आधी रमजानच्या तारखा पाहा, मग डॉक्टरांना भेटा, त्यानंतर लस घ्या आणि तिकीट सगळ्यात शेवटी काढा. प्रमाणपत्रावरचा पासपोर्ट क्रमांक मात्र केंद्रावरच तपासून घ्या.