गाढवाची सुट्टी

'गाढवा!' ही पदवी शाळेत असताना मिळाली नाही, असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात विरळाच. मला ती जरा अधिक वेळा मिळाली, कारण आमच्या घरी खरोखरच गाढवे आहेत. माझे आबा वीटभट्टीवर गाढवांच्या पाठीवरून विटा वाहतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि माझी फी त्याच पाठींवरून आली आहे. तेव्हा गाढवाविषयी बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

गेल्या वर्षी ग्रंथालयात मराठी बायबल हाती आले. मी ख्रिस्ती नाही. केवळ कुतूहलाने चाळू लागलो. बायबलमधला प्राणी म्हटला की आपल्याला कोकरू आठवते, नाही तर कबूतर. मला मात्र जागोजागी भेटले ते गाढव. 'गणना' या पुस्तकात बलाम नावाच्या द्रष्ट्याची गोष्ट आहे. वाटेत तलवार उपसून उभा असलेला देवदूत बलामला दिसत नाही, त्याच्या गाढवीला दिसतो. ती वाट सोडते, भिंतीला घासते, शेवटी खाली बसते आणि तीनदा मार खाते. मग देव तिला वाचा देतो आणि ती धन्याला आपला गुन्हा विचारते. शहाण्याला न दिसलेले गाढवीला दिसले, असे सांगणारा हा ग्रंथ मला एकदम जवळचा वाटला.

पुढे जखऱ्या संदेष्टा सांगतो, की येणारा राजा गाढवावर बसून येईल आणि युद्धाचे घोडे नाहीसे होतील. नव्या करारात येशू तसाच यरुशलेमेत प्रवेश करतो. घोडा लढाईचा, गाढव शांततेचे. आपल्याकडे गाढवावरून धिंड निघते. तिथे राजा येतो!

हे सारे मोठेच आहे. परंतु माझे मत असे, की बायबलने गाढवाला दिलेला खरा मान या प्रतीकांत नाही. प्रतीकाने पाठीवरचे ओझे उतरत नाही. खरा मान आहे तो 'निर्गम' या पुस्तकातल्या दोन साध्या नियमांत. पहिला असा, की वैऱ्याचे गाढव जरी ओझ्याखाली पडलेले दिसले, तरी त्याला उठवायला हात लावावा. एकनाथांनी तहानेल्या गाढवाला कावडीतले गंगाजल पाजले, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो आणि ते नाथांचे थोरपण म्हणून सोडून देतो. इथे तशीच दया प्रत्येकाचे कर्तव्य ठरवली आहे. दुसरा नियम सातव्या दिवशी काम थांबवण्याचा. कशासाठी? बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा, दासीच्या मुलाला आणि परक्यालाही हुशारी यावी, म्हणून. गाढव, गुलाम आणि परका एकाच वाक्यात!

आपल्या देशातही १९६५ सालचे नियम आहेत. गाढवावर ५० किलोपेक्षा अधिक ओझे लादता येत नाही. वीट तीन किलोची धरली, तर सोळा विटा झाल्या. आमच्या गाढवांवर पंचवीस चढतात. हे लिहिताना हात जड होतो, कारण लादणारे माझे वडील आहेत आणि सुट्टीत घरी गेलो की मीही.

दिवाळीनंतर आबांना तो सातव्या दिवसाचा नियम सांगितला. ते म्हणाले, "चांगलं हाय. पण त्या दिवशी आपण काय खायाचं? पैसे हजार विटांवर मिळत्यात, बाबा."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. रात्री पुन्हा ते वाक्य आठवले तेव्हा उमगले, की तो नियम सांगितला आहे तो ज्याच्या पदरी जनावरेही आहेत आणि माणसेही आहेत, अशा धन्याला. धनी माणसाला सुट्टी देईल, तरच माणूस गाढवाला देऊ शकेल. भट्टीच्या हंगामात आबांनी आपणहून एक दिवस घरी काढलेला मला आठवत नाही.

मित्रहो, मुक्या जनावराची दया यावी, असे आपण निबंधांतून पुष्कळ लिहितो. त्या दयेबरोबर हाकणाऱ्याच्या मजुरीचाही हिशेब मांडला पाहिजे. नाही तर बलामासारखे आपणही गाढवीलाच मारत राहू, आणि समोर उभा असलेला आपल्याला दिसणार नाही.

— द्वितीय वर्ष, कला