स्वस्तातली चारशेसात
आखाडा बाळापूरसारख्या नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या गावात हळद, सोयाबीन वाहायला स्वतःची गाडी असावी असं कोणालाही वाटतं, आणि मग ‘थोडं काम आहे’ म्हणत एखादी जुनी टाटा 407 कमी पैशात समोर येते. इंजिनाच्या कामाला घाबरू नका. ही गाडी 1986 पासून रस्त्यावर आहे. सुटे भाग मिळतात, बोअर-पिस्टनचा खर्च मिस्त्री आधीच सांगू शकतो. इंजिन गरम झाल्यावर ऑइलचं झाकण उघडा. भकाभका धूर आला तर काम निघालंच समजा आणि तेवढे पैसे किमतीतून कापून मागा. मला धास्ती वाटते ती चेसिसची. हौद्याखाली शिरून बॅटरीच्या उजेडात बघा: पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ वेल्डिंगचा टाका, किंवा तेवढ्याच जागी ताजा काळा रंग दिसला तर सौदा तिथंच सोडा. तिथं चीर बुजवलेली असते; गाडी भरली की ती पुन्हा उघडते आणि जीव ड्रायव्हरचा जातो. कागदांचंही तसंच. आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का, टॅक्स नि ई-चलन किती थकलंय, हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, आणि पंधरा वर्षांपुढे त्याचं शुल्क 2022 पासून चांगलंच वाढलंय. घ्यायचीच तर पावसाळ्यात घ्या. तेव्हा भाडी कमी असतात, काम निवांत होतं आणि सोयाबीन निघायच्या आत गाडी रस्त्यावर येते.