पूल कुणाचा, हेलपाटा कुणाला?

अमरावती/अकोला, प्रतिनिधी

अमरावती ते अकोला दरम्यानच्या राष्ट्रीय महामार्गावर जून २०२२ मध्ये एका मार्गिकेचे सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाले आणि गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली. दोन शहरांमधील प्रवास सुकर करण्यासाठी अशी यंत्रणा कामाला लागली. पण त्याच शहरांत एका भागातून दुसऱ्या भागात जाण्याचा प्रश्न आला की ही तत्परता ओसरते.

अमरावतीकरांना याचा प्रत्यय ऑगस्ट २०२५ मध्ये आला. राजकमल चौक, रेल्वे स्थानक आणि हमालपुरा यांना जोडणारा जुना रेल्वे उड्डाणपूल धोकादायक ठरल्याने वाहतुकीस बंद करण्यात आला. बडनेऱ्याहून येणारा लोहमार्ग शहराच्या मध्यभागी येऊन संपतो. वस्ती त्याच्या दोन्ही अंगांना वाढली आणि या पुलाने काही पिढ्या ती सांधून ठेवली. धोकादायक पूल बंद करण्याचा निर्णय योग्यच होता. परंतु पूल एका रात्रीत जीर्ण होत नाही. त्याचे वय सर्वांना ठाऊक असताना पर्यायी मार्गाची तजवीज आधी का झाली नाही, हा खरा प्रश्न आहे. दुसरीकडे, परकोटाच्या जुन्या वस्तीकडे जाणाऱ्या चित्रा चौक-नागपुरी गेट उड्डाणपुलाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आणि इतवारा परिसरातील व्यापाऱ्यांना त्याची झळ सोसावी लागली.

मोर्णेचे दोन काठ

अकोल्याची विभागणी मोर्णा नदीने केली आहे. असदगडाच्या आश्रयाने वाढलेले जुने शहर पश्चिमेला, तर ताजनापेठ पूर्वेला. ब्रिटिशांनी सरकारी कचेऱ्या पूर्वेला थाटल्या, रेल्वे स्थानकही त्याच बाजूला झाले. परिणामी कचेरी, दवाखाना वा स्थानक गाठायचे तर जुन्या शहरातील रहिवाशाला नदी ओलांडावीच लागते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत मोर्णेला पूर आला, तेव्हा हे परावलंबन पुन्हा जाणवले.

२८ मे २०२२ रोजी अकोल्यातील उड्डाणपुलाचे लोकार्पण झाले. वर्दळीच्या चौकांवरील भार त्यामुळे हलका झाला. मात्र हा पूल पूर्वेकडील शहरातच सुरू होतो आणि तेथेच संपतो. नदीपलीकडच्या वस्तीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अकोला-अकोट मार्गावरील गांधीग्रामचा पूर्णा नदीवरील ब्रिटिशकालीन पूल तडे गेल्याने बंद झाला. अकोट तालुक्यातील विद्यार्थी, रुग्ण व शेतमालाच्या गाड्यांना लांबचा वळसा पडला. नोव्हेंबरमध्ये अकोला-अकोट रेल्वे सुरू झाल्याने प्रवाशांना काहीसा दिलासा मिळाला. परंतु कापसाची गाडी काही रेल्वेच्या डब्यात चढत नाही.

जबाबदारीचे तुकडे

या साऱ्याचे मूळ केवळ निधीच्या टंचाईत नाही. रेल्वे उड्डाणपुलाचा रुळांवरील भाग साधारणपणे रेल्वेकडे, तर दोन्ही बाजूंचे जोडरस्ते राज्य शासनाकडे असतात. खालील रस्ते, जलवाहिन्या व अतिक्रमणे महापालिकेकडे आणि वाहतुकीचे नियमन पोलिसांकडे. पूल एकच, पण त्याची फाईल चार टेबलांवर फिरते. काम अडले की प्रत्येक टेबल पुढच्याकडे बोट दाखवते.

इच्छा असेल तर वेळ लागत नाही, याचा दाखला राज्यातच आहे. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळील सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभारून जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला करण्यात आला. परंतु त्या तत्परतेला अनेकांच्या बळींची पार्श्वभूमी होती. जून २०२५ मध्ये मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील पूल कोसळून पुन्हा बळी गेले.

अमरावती व अकोल्यातील पूल माणसे दगावण्यापूर्वी बंद झाले, ही जमेची बाजू. आता पुढचे पाऊल अपेक्षित आहे. दोन्ही शहरांतील प्रत्येक जुन्या पुलाची संरचनात्मक तपासणी ठराविक काळाने व्हावी, तिचा अहवाल नागरिकांसमोर यावा आणि प्रत्येक पुलासाठी एकच उत्तरदायी अधिकारी नेमला जावा. पर्यायी मार्गाचा आराखडा तर पूल बंद होण्याआधीच तयार असला पाहिजे. अन्यथा वेळापत्रके कचेरीत पुढे ढकलली जातील आणि त्यांची किंमत दररोज मोजावी लागेल ती शाळकरी मुलांना, रिक्षाचालकांना आणि रुग्णवाहिकेतील रुग्णाला.