चालू आहे, दिसत नाही

केळीच्या बागेत ठिबकची नळी टाकताना खान्देशातला शेतकरी ती ताणून बांधत नाही, थोडी सैल सोडतो. पहाटेच्या गारव्यात सरळ दिसणारी नळी दुपारी सापासारखी वळवळते, हे त्याने पाहिलेले असते. शंभर मीटरची पॉलिथिनची नळी तीस अंशांच्या फरकाने सुमारे अर्धा मीटर लांबते. मग ड्रिपर खोडापासून सरकतो आणि पाणी भलतीकडेच ठिबकते. नळी फुटलेली नसते, पाणीही चालू असते, फक्त ते मुळाशी पोचत नाही.

आता हीच गोष्ट खांबावरच्या कॅमेऱ्यात पाहा. जळगावच्या सराफ बाजारात, भुसावळच्या फलाटावर, धुळ्यात आग्रा महामार्ग आणि सुरत-नागपूर महामार्ग एकमेकांना छेदतात तिथे, आणि आता गावोगावच्या ग्रामपंचायतींवरही बारीक भिंगाचे कॅमेरे लटकले आहेत. त्यांतल्या बहुतेकांची लेन्स कारखान्यात एकदा फोकस करून चिकटवून टाकलेली असते. तिथे हवा पंचवीस अंशांची. इथे मे महिन्यात सावलीतला पारा ४५च्या पुढे, आणि उन्हात तापलेल्या बंद खोक्यात त्यावर आणखी पंधरा-वीस अंश. जानेवारीच्या पहाटे याच धुळ्यात पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. म्हणजे एकाच खांबावर, एकाच वर्षात, त्या भिंगाला साठ अंशांची उलथापालथ सोसायची आहे.

भिंग काचेचे असते तर फारसे बिघडले नसते. पण छोट्या कॅमेऱ्यातली भिंगे बहुधा प्लॅस्टिकची असतात. ती साच्यात हजारोंनी पडतात, वजनाला हलकी असतात, आणि काचेला घासून देणे महाग पडेल असा वक्र आकार साचा त्यांना फुकट देतो. मोबाइलमध्ये अशी पाच-सहा भिंगे एकावर एक रचलेली असतात. फक्त तापले की प्लॅस्टिक दोन खोड्या एकदम करते: फुगते, आणि प्रकाश वाकवण्याची त्याची ताकदही घटते. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने होतो. नाभीय अंतर वाढते.

किती? पाटीवरचा हिशेब आहे. चार मिलिमीटर नाभीय अंतराचे एकच ॲक्रिलिकचे भिंग घ्या. पंचवीसवरून पासष्ट अंशांवर गेले की प्रतिमा सुमारे ४५ मायक्रॉन मागे सरकते. भिंग धरणारे नळकांडेही प्लॅस्टिकचे असेल तर ते लांबून त्यातले दहा मायक्रॉन परत देते. उरले पस्तीस, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्मे. हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट वाटते. पण अशा कॅमेऱ्याला चालण्याजोगी चूक पाच-सहा मायक्रॉनचीच असते. पस्तीसला सेन्सरवरच्या एका ठिपक्याचा प्रकाश पाच-सहा ठिपक्यांत सांडतो. गाडी दिसते, गाडीचा रंग दिसतो, आणि नंबरपाटीवरचा ३ की ८ यावर पोलीस ठाण्यात चर्चा रंगते. तेच भिंग साध्या काचेचे असते तर प्रतिमा एक मायक्रॉनही हलली नसती.

मोबाइलमध्ये हे जाणवत नाही, कारण तिथे एक चिमुकली मोटर दर फोटोला लेन्स पुढेमागे करून फोकस नव्याने लावते. चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) यांनाही ही अडचण आली नसती. त्यांनी कित्येक दशके घराबाहेर न पडता टेबलावर मांडलेल्या वस्तूंचे अप्रतिम फोटो काढले. त्या काळच्या कॅमेऱ्यात माणूस डोळ्याने बघून दर वेळी फोकस लावायचा, त्यामुळे हवामानाची दुरुस्ती आपोआप होऊन जायची. खांबावर ना माणूस आहे, ना मोटर.

यावर इलाज नाही असे अजिबात नाही, आणि तो इलाज आपल्या लोकांना अनोळखीही नाही. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवणाऱ्याने लोखंड फुगते म्हणून कधी कपाळाला हात लावला नाही. त्याने धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान केली, तापवून फुगवली, बसवली आणि पाणी ओतले. वस्तूची खोड कामाला लावली. भिंगांचे जाणकार आराखडाकारही तेच करतात. किरण एकवटण्याचे मुख्य काम काचेच्या एका भिंगाकडे सोपवायचे. प्लॅस्टिकची भिंगे काही बहिर्वक्र, काही अंतर्वक्र अशी निवडायची, की एकाची ढिलाई दुसऱ्याने खावी. उरलेल्या फरकासाठी नळकांड्याचा किंवा मधल्या कड्यांचा पदार्थ असा घ्यायचा, की प्रतिमा जितकी मागे जाईल तितकाच सेन्सरही मागे जावा. काच-प्लॅस्टिकच्या अशा मिश्र लेन्स बाजारात मिळतात. चार पैसे जास्त पडतात, इतकेच.

पावसाचे म्हणाल तर ॲक्रिलिक हवेतला ओलावाही पिते. मेच्या कोरड्या झळांतून जूनच्या दमटपणात आले की त्याचा आकार पुन्हा किंचित बदलतो. ओल जवळपास न पिणारी प्लॅस्टिकेही आहेत. ती वापरली आहेत का, हे विचारणारा गिऱ्हाईक हवा.

आमची तक्रार त्या विचारण्याबद्दलच आहे. कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘उणे ३० ते ६० अंश’ असे छापलेले असते आणि निविदेत ते जसेच्या तसे उतरते. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की या हवामानात कॅमेरा बंद पडणार नाही. चित्र स्वच्छ येईल, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. विकणारा खोटे बोलत नाही. घेणाऱ्याने प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. मग तपासणी होते ती कार्यालयाच्या थंड खोलीत, टीव्हीच्या पडद्यावर, सकाळी अकरा वाजता. बिल निघते. दुपारी तीनला खांबावर काय दिसते, ते गुन्हा घडल्यावर कळते. तेव्हाही दोष धुळीला दिला जातो, आणि कुणीतरी शिडी लावून काच पुसून येतो.

निविदेत एक वाक्य वाढवायला खर्च नाही: पाच अंशांना आणि पासष्ट अंशांना, फोकसला हात न लावता, अमुक अंतरावरची नंबरपाटी वाचता आली पाहिजे. त्यासाठी मोठी प्रयोगशाळाही लागत नाही. तापमान राखणारी भट्टी आणि एक शीतकपाट इंजिनिअरिंग कॉलेजात मिळण्यासारखे आहे. दारातून तारा बाहेर काढल्या आणि समोर छापील पाटी टांगली की झाले. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या पदार्थविज्ञानाच्या मुलांना सत्राचा प्रकल्प म्हणून हे देता येईल. जळगावात पाइप आणि चटई करणाऱ्यांना प्लॅस्टिक उन्हात कसे वागते हे वेगळे सांगायची गरज नाही. सहा मीटरचा पीव्हीसी पाइप चाळीस अंशांच्या फरकाने दीड सेंटिमीटरहून जास्त लांबतो, म्हणून सांध्यात जागा ठेवतात, रबराची रिंग बसवतात. पाइपासाठी जे पाहिले जाते, ते पाइपाच्या गोदामावर लावलेल्या कॅमेऱ्यासाठी कुणी पाहत नाही.

आणि भट्टी नसेलच, तर भुसावळची एखादी पत्र्याची गच्ची आहे. येत्या मे महिन्यात नमुन्याचे चार कॅमेरे तिथे आठवडाभर टांगावेत, आणि बिलावर सही करणाऱ्या साहेबांनी पाटी वाचायला दुपारी तीनला वर यावे.