टिपा लिहा

परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न ठरलेलाच असतो : ‘टिपा लिहा – कोणत्याही दोन.’ हा शब्द मराठीत मोठा मायावी आहे. शिंपी टीप मारतो, गवई टिपेचा सूर लावतो, खबऱ्या पोलिसांना टीप देतो आणि सासरी निघालेली मुलगी टिपे गाळते. हे सारे अर्थ आपापल्या जागी सुखाने नांदत असताना इंग्रजीतून आणखी एक टीप आली आणि ती थेट उपाहारगृहातल्या बडीशेपेच्या बशीत जाऊन बसली. जुनी माणसे तिला ‘बक्षिसी’ म्हणत. या टिपेवर प्रश्नपत्रिकेत कधी प्रश्न येत नाही; पण बिल आले की टेबलाभोवती बसलेले सगळे तो प्रश्न मनातल्या मनात सोडवत असतात. किती ठेवायचे? कोणी ठेवायचे? आणि बिलात आधीच ‘सर्व्हिस चार्ज’ घेतला असेल तर पुन्हा ठेवायचे का? वाचकहो, याच प्रश्नाचे उत्तर लिहिण्याचा हा प्रयत्न आहे.

पूर्वीची पद्धत साधी होती. आपल्या उपनगरांतल्या कोणत्याही उडपी हॉटेलात जा. बिलाचा कागद बडीशेपेच्या बशीखाली यायचा, उरलेली मोड त्याच बशीतून परत यायची आणि त्यातली दोन-चार नाणी बशीतच राहायची. हा व्यवहार कोणी लिहून ठेवला नव्हता, पण त्यात दोन गोष्टी पक्क्या होत्या. एक, पैसे जेवण झाल्यावर दिले जात. म्हणजे सेवा आधी आणि बक्षिसी नंतर. दोन, ज्याने पाणी आणून दिले, सांबार दुसऱ्यांदा वाढले, त्याच्याच हातात ते पैसे पडत. गिऱ्हाईक आणि वेटर यांच्यामध्ये मालक नव्हता. तो गल्ल्यावर बसून अगरबत्ती लावत असे.

घाटकोपरच्या खाऊगल्लीत उभ्याने डोसा खाणाऱ्याला आजही हा प्रश्न पडत नाही. तो पडतो अंधेरीच्या लिंक रोडवर, बोरिवली-मुलुंडच्या मॉलमध्ये, वातानुकूलित जागी, जिथे पदार्थांची नावे वाचायला मेणबत्ती आणि किंमत वाचायला धैर्य लागते. तिथल्या बिलात पदार्थांच्या बेरजेखाली तीन ओळी असतात. त्यांतल्या दोन सरकारी आहेत : केंद्राचा जीएसटी अडीच टक्के आणि राज्याचा अडीच टक्के. बहुतेक उपाहारगृहांसाठी एकूण पाच टक्क्यांचा हा दर १५ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. तिसरी ओळ ‘सर्व्हिस चार्ज’, बहुधा दहा टक्के. या ओळीचा सरकारशी काहीही संबंध नाही. ती रक्कम मालकाने ठरवलेली असते आणि मालकाच्या खात्यात जाते.

लोकांचा घोटाळा होतो तो इथेच, आणि त्याला कारणही आहे. २०११ साली वातानुकूलित आणि मद्यपरवाना असलेल्या उपाहारगृहांवर ‘सर्व्हिस टॅक्स’ आला, पुढे तो इतर वातानुकूलित उपाहारगृहांनाही लागू झाला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपला. एवढ्या वर्षांत बिलात ‘सर्व्हिस टॅक्स’ आणि ‘सर्व्हिस चार्ज’ या सख्ख्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या ओळी शेजारी शेजारी छापल्या जात होत्या. टॅक्स देणे भाग आहे म्हणून माणसे चार्जही मुकाट्याने देऊ लागली. टॅक्स गेला, सवय राहिली.

थोडे गणित करू. दोघा मित्रांनी हजार रुपयांचे खाल्ले. त्यावर पाच टक्के कर धरून बिल व्हायला हवे १०५० रुपये. आता मध्ये दहा टक्के सर्व्हिस चार्ज घाला : हजाराचे अकराशे झाले. पण कर आता हजारावर नाही, अकराशेवर लागतो : ५५ रुपये. एकूण ११५५. म्हणजे गिऱ्हाइकाचे १०५ रुपये जास्त गेले. त्यांतले शंभर मालकाकडे आणि पाच सरकारकडे. ज्याच्या नावाने ही ‘सेवा’ आकारली, त्या वेटरच्या हाती त्यांतले किती पडले, ते बिलात लिहिलेले नसते.

गेल्या हिवाळ्यात एकांकिका स्पर्धा आटोपल्यावर आम्ही सहा जण अंधेरीतल्या एका उपाहारगृहात जेवायला गेलो. नाव सांगत नाही. असली उपाहारगृहे एक नाहीत. खाल्ले २४०० रुपयांचे आणि बिल आले २७७२ रुपयांचे. २४० रुपये कसले, असे विचारल्यावर कोट घातलेले कॅप्टन गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, “सर, वो तो गव्हर्न्मेंट का है.” आम्ही तो सरकारचा नाही, असे नम्रपणे सांगितले. तेव्हा ते म्हणाले, “स्टाफ के लिए है.” मग आम्ही आम्हाला वाढणाऱ्या मुलालाच विचारले. तो आमच्याच वयाचा होता, ओडिशातून आलेला. तो आधी कॅप्टनकडे पाहून गप्प राहिला. कॅप्टन दुसऱ्या टेबलाकडे वळल्यावर हळूच म्हणाला, “पता नहीं भैया, सेठ कभी-कभी देता है.” वादावादीनंतर बिलातून २४० रुपये निघाले खरे, पण तोपर्यंत आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक आमच्याकडे अशा नजरेने बघत होते, की जणू आम्ही त्यांच्याच ताटातले उचलले!

माझ्या मते सर्व्हिस चार्जचा सारा डोलारा या नजरेवर उभा आहे. मित्रांसमोर, पाहुण्यांसमोर किंवा पहिल्यांदाच कोणाला जेवायला नेलेले असताना शंभर रुपयांसाठी कोण हुज्जत घालणार? ‘भीड ही भिकेची बहीण’ असे आपल्याकडे म्हणतात. इथे आपली भीड हे दुसऱ्याचे उत्पन्न झाले आहे.

कायदा काय म्हणतो? सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, असे केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने एप्रिल २०१७ मध्येच सांगितले होते. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली : कोणत्याही हॉटेलने वा उपाहारगृहाने हा आकार आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या नावाने घेऊ नये, तो न देणाऱ्याला प्रवेश नाकारू नये. उपाहारगृहांच्या दोन संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात त्या तत्त्वांना स्थगिती मिळाली. पावणेतीन वर्षे हे घोंगडे भिजत पडले. अखेर २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी संघटनांच्या याचिका फेटाळल्या, सक्तीचा सर्व्हिस चार्ज चुकीचा ठरवला आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्च भरायला लावला. संघटनांनी त्यावर अपील केले. कोर्टकचेरीच्या या घोळात सामान्य माणसाने ‘बंदी आली’, ‘बंदी उठली’, ‘पुन्हा आली’ एवढेच मथळे वाचले. गोंधळ झाला तर नवल काय!

मालकांची बाजूही ऐकायला हवी. त्यांचे म्हणणे असे, की टीप फक्त समोर येणाऱ्या वेटरला मिळते. भटारखान्यात भट्टीपुढे उभा असलेला आचारी, मोरीवर भांडी घासणारा, टेबल पुसणारा पोऱ्या यांना कोण देणार? सर्व्हिस चार्ज एकत्र जमवून सर्वांना वाटता येतो. मुद्दा बिनतोड वाटतो, आणि त्यात तथ्यही आहे. मोरीवरच्या मुलाचा हात गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. पण माझा प्रश्न एवढाच, की त्या मुलाचा पगार ही गिऱ्हाइकाची जबाबदारी केव्हा झाली? कापडाच्या दुकानात ठाण उलगडून दाखवणाऱ्या नोकराचा आकार वेगळा लावत नाहीत. सेवेचा मोबदला वाढवायचा असेल तर पदार्थाची किंमत वाढवा. किंमत किती ठेवावी याचे स्वातंत्र्य मालकाला आहेच. प्राधिकरणानेही ते नाकारलेले नाही. २०० रुपयांची भाजी २२० ला विका आणि तसे मेनूवर छापा. खाणारा दार उघडण्यापूर्वी विचार करील, परवडले तर येईल. पण मेनूत २०० आणि बिलात २२० ही रीत सरळ नव्हे.

शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात टीप म्हणजे मालकाने दिलेले वेतन नव्हे, असे म्हटले होते. २०१६ मध्ये आयटीसीच्या प्राप्तिकराच्या खटल्यातही गिऱ्हाइकांनी कार्डावर दिलेली टीप मालकाने नोकरांना वाटली तरी तो पगार होत नाही, असाच निर्णय झाला. तात्पर्य, पगार मालकाने द्यायचा, कर सरकारला द्यायचा आणि टीप गिऱ्हाइकाने खुशीने द्यायची. सर्व्हिस चार्ज या तिन्हींचे सोंग घेतो आणि तिन्हींपैकी एकही नसतो.

या साऱ्या वादात खरा तोटा होतो तो वेटरचा. बिलात दहा टक्के भरलेला माणूस ‘दिले की एकदा’ म्हणून उठतो; बशीत काही ठेवत नाही. त्यात अलीकडे दुसरे संकट आले आहे. मोबाईलवरून चौकोनी ठिपक्यांच्या चित्राला पैसे द्यायची सोय झाल्यापासून मोडच उरत नाही. ते चित्र मालकाच्या खात्याचे असते. बिल नेमके भरले जाते, आणि बडीशेपेच्या बशीत फक्त बडीशेप राहते. आपल्या वर्गातही संध्याकाळी केटरिंगची कामे करणारे, शनिवार-रविवार उपाहारगृहात ट्रे उचलणारे मित्र आहेत. त्यांना विचारा. परतीच्या लोकलचा पास या नाण्यांतून निघत असे, असे त्यांच्यातलाच एक जण मला म्हणाला. दक्षिण कानड्यातून आलेली कितीतरी मुले दिवसा हॉटेलात कपबशा विसळून मुंबईच्या रात्रशाळांत शिकली, ही या शहराची जुनी कहाणी आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ चैनीच्या जेवणाचा नाही.

बाहेरच्या जगात याची दोन टोके दिसतात. जपानात टीप देण्याची रीतच नाही. उलट अमेरिकेत टीप मिळवणाऱ्या नोकराला मालकाने द्यायचे संघराज्याचे किमान वेतन ताशी फक्त २ डॉलर १३ सेंट आहे, आणि ते १९९१ पासून हललेले नाही. उरलेली भर टिपांनी घालायची, असा तिथला हिशेब. पगाराचे ओझे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर टाकले की काय होते, ते पाहायचे तर हे उदाहरण पुरे आहे. मला अनुकरणीय वाटतो तो ब्रिटनचा कायदा. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे टीप किंवा सर्व्हिस चार्ज म्हणून जमलेली रक्कम मालकाने कपात न करता नोकरांमध्ये रास्तपणे वाटलीच पाहिजे. आपल्याकडे असा कायदा झाला तर ‘स्टाफ के लिए है’ म्हणणाऱ्याला वहीदेखील दाखवावी लागेल.

काहींना वाटते, की इतका हिशेब विचारणे कद्रूपणाचे आहे. त्यांना मी आपल्याच उपनगरांचा इतिहास आठवायला सांगेन. १९७२ साली गोरेगावच्या मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकारी भगिनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, आणि मध्यमवर्गीय घरांतल्या माणसांनी गटागटाने एकत्र येऊन महिन्याचे वाणसामान थेट खरेदी करून आपसात वाटून घेण्याचा प्रयोग चालवला. तेलातुपाचा भाव विचारण्यात त्या पिढीला लाज वाटली नाही. त्यांच्या नातवंडांना बिलातली एक ओळ विचारायला संकोच का वाटावा?

तेव्हा मित्रहो, परीक्षेप्रमाणे मीही उत्तर मुद्द्यांत मांडतो. आत शिरताना मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत काय छापले आहे ते वाचा. बिल आले की बेरीज पाहा. सर्व्हिस चार्ज असेल तर आवाज न चढवता तो काढायला सांगा. नाकारले तर ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. पण एवढ्यावर थांबू नका. जे पैसे बिलातून वाचले, त्यांतले जमेल तेवढे रोख, वाढणाऱ्याच्या हातात ठेवा. नुसता चार्ज काढून घेऊन खिशात हात घालून बाहेर पडणारा गिऱ्हाईक कायद्याने बरोबर असेल. पण वेटरच्या दृष्टीने मालक आणि तो यांत फरक काय राहिला? खिशात दहा-वीस रुपयांच्या दोन-चार नोटा ठेवायला फार जागा लागत नाही.

आणि देताना त्याच्याकडे बघून द्या. बशीत टाकलेल्या पैशाला आणि हातात दिलेल्या पैशाला बाजारात किंमत एकच, पण ते घेणाऱ्याच्या मनात तशी नसते.