बटाट्यांचं शेत झालेली बाग

दोस्तांनो, मागच्या आठवड्यात आपण हॅम्बुर्गच्या बंदरात जहाजं मोजत बसलो होतो. आज तिथून आगगाडी पकडू या आणि जर्मनीच्या राजधानीत, म्हणजे बर्लिनला उतरू या. बर्लिन म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? इतिहासाच्या पुस्तकातलं दुसरं महायुद्ध, हिटलर आणि ती प्रसिद्ध भिंत! बरोबर आहे. पण आज आपल्याला राजवाडे बघायचे नाहीत की संग्रहालयं बघायची नाहीत. आज फक्त बागा!

"हात्तिच्या! बागेत काय बघायचं? झोपाळे आणि घसरगुंडी!" असं म्हणून नाक मुरडू नका. बर्लिनच्या बागांना ठाऊक असलेल्या गोष्टी एखाद्या आजीच्या गोष्टींनाही मागे टाकतील. तेव्हा पाण्याची बाटली घ्या, बुटाच्या नाड्या घट्ट बांधा आणि चला.

राजाने कुंपण काढलं

शहराच्या ऐन मध्यावर आहे टीअरगार्टन. आकार २१० हेक्टर! एक हेक्टर म्हणजे १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद जागा, आपल्या हिशेबाने साधारण अडीच एकर. आता करा गुणाकार. शहराच्या मध्यभागी पाचशेहून जास्त एकर नुसती झाडी, तळी, कालवे आणि पायवाटा.

पण ही बाग मुळात लोकांसाठी नव्हतीच. १५२७ च्या सुमाराला तिथल्या राज्यकर्त्यांनी शिकारीसाठी ही जागा राखून ठेवली. आत हरणं आणि इतर प्राणी सोडले आणि ते पळून जाऊ नयेत म्हणून भोवती कुंपण घातलं. पुढे फ्रेडरिक द ग्रेट हा राजा गादीवर आला. त्याला शिकारीची आवड नव्हती. १७४२ मध्ये त्याने ते कुंपण काढून टाकायला सांगितलं आणि रान सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यानंतर शंभरेक वर्षांनी पेटर योझेफ लेने नावाच्या उद्यानरचनाकाराने आजच्या वळणदार वाटा आणि हिरवळी आखल्या.

बागेच्या मधोमध एका मोठ्या चौकात ६७ मीटर उंच विजयस्तंभ आहे. २८५ पायऱ्या चढून गेलात, की खाली जिकडे तिकडे झाडांचे शेंडे दिसतात. केवढं जुनं जंगल आहे, असं वाटतं ना? पण फसू नका! यातली बहुतेक झाडं तुमच्या आजोबांपेक्षा फार मोठी नाहीत. असं का?

झाडं गेली कुठे?

दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं तेव्हा बर्लिन म्हणजे विटामातीचा ढीग झाला होता. घरांना छपरं नव्हती, खिडक्यांना काचा नव्हत्या आणि शेगडीत घालायला कोळसा नव्हता. तिकडचा हिवाळा काही आपल्यासारखा नव्हे, की शाल गुंडाळली आणि भागलं! पाणी गोठून दगड होतं. मग लोकांनी काय केलं? करवती आणि कुऱ्हाडी घेतल्या आणि टीअरगार्टन गाठलं. बागेत जवळजवळ २ लाख झाडं होती. त्यांतली उरली साधारण ७००.

झाडं गेल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीचे तुकडे पाडून लोकांना वाटून दिले. तिथे बटाटे, कोबी अशा भाज्या लावल्या. जर्मनीच्या संसदभवनासमोर भाजीचे वाफे! आता तुम्ही म्हणाल, "झाडं तोडणारी माणसं वाईट!" पण जरा थांबा. घरात थंडीने कुडकुडणारं लहान भावंडं असेल आणि समोर झाड असेल, तर काय कराल? हा प्रश्न सोपा नाही. आईबाबांनाही विचारून पाहा.

त्याहून नवल पुढे आहे. जून १९४८ मध्ये सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनकडे येणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. वीस लाखांहून जास्त माणसं कोंडली गेली. तेव्हा अमेरिका आणि ब्रिटनने विमानांनी धान्य, दूध पावडर, कोळसा असं सगळं पोचवायला सुरुवात केली. हे जवळजवळ वर्षभर चाललं. अशा कठीण दिवसांत, १७ मार्च १९४९ ला, महापौर एर्न्स्ट रॉयटर यांनी टीअरगार्टनमध्ये लिंडनचं एक रोप लावलं. जर्मनीतल्या इतर शहरांनी मिळून सुमारे अडीच लाख रोपं भेट दिली आणि त्यांतली काही चक्क विमानाने आली! ज्या गावात पिठाचं पोतंसुद्धा आकाशातून उतरवावं लागत होतं, त्या गावाने विमानात रोपांसाठी जागा ठेवली. विजयस्तंभावरून दिसणारी झाडी ती हीच.

चॉकलेटची छत्री

ती विमानं जिथे उतरायची, तीच आपली पुढची बाग : टेम्पलहोफ. हा होता विमानतळ. विमान बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी ऑरव्हिल राइटने १९०९ मध्ये याच माळावर विमान उडवून दाखवलं होतं.

१९४८ च्या उन्हाळ्यात या विमानतळाच्या कुंपणापाशी मुलं घोळका करून विमानं बघत उभी असत. गेल हॅल्व्हर्सन हा अमेरिकन वैमानिक एकदा त्यांच्याशी बोलायला थांबला. त्याच्या खिशात होत्या च्युइंगमच्या फक्त दोन पट्ट्या. त्याने त्या दिल्या. मुलांनी भांडणं केली नाहीत. तुकडे करून वाटून घेतले आणि ज्यांना तुकडा मिळाला नाही त्यांनी नुसता कागदाचा वास घेतला! हॅल्व्हर्सन चकित झाला. "उद्या विमानातून खाऊ टाकीन," असं कबूल करून तो गेला. "पण तुझं विमान ओळखायचं कसं?" मुलांचा प्रश्न. "मी पंख हलवीन!" त्याने रुमालाच्या छोट्या छत्र्या करून त्यांना चॉकलेटं बांधली आणि वरून सोडली. मग इतर वैमानिकही तेच करू लागले. बर्लिनकरांनी या विमानांना नाव ठेवलं 'मनुकाबाँबर'. काही वर्षांपूर्वी आकाशातून बाँब पडत होते, आता मनुका पडत होत्या! हॅल्व्हर्सन २०२२ मध्ये वारला, वयाच्या १०१ व्या वर्षी.

हा विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि मे २०१० मध्ये त्याचा माळ लोकांसाठी उघडला. आकार ३०० हेक्टर, टीअरगार्टनपेक्षाही मोठा. धावपट्ट्या तशाच ठेवल्या आहेत. जिथे विमानं धावत, तिथे आता मुलं सायकली आणि चाकाचे बूट घालून सुसाट सुटतात, पतंग उडवतात. गवतात चंडोल पक्षी जमिनीवर घरटी करतात, म्हणून विणीच्या हंगामात मधला भाग माणसांना बंद असतो. माणसांनी पक्ष्यांसाठी केलेली संचारबंदीच म्हणा ना!

पण एवढी मोकळी जागा पाहून कोणाला काय वाटेल? सरकारला वाटलं, कडेने सुमारे ४,७०० घरं बांधावीत आणि एक मोठं ग्रंथालय उभारावं. शहरात घरांची टंचाई होती, तेव्हा हे म्हणणंही काही खोटं नव्हतं. पण पुष्कळ लोक म्हणाले, "एकदा इमारती आल्या की माळ परत मिळायचा नाही." त्यांनी दारोदार फिरून पावणेदोन लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या. मग २५ मे २०१४ ला सगळ्या शहराचं मतदान झालं. १०० पैकी ६४ जणांनी कौल दिला : माळ जसा आहे तसाच राहू द्या. तसा कायदाच झाला. घरं महत्त्वाची की मैदान, हा वाद तिथे अजूनही अधूनमधून डोकं वर काढतो. गंमत म्हणजे माळावर सगळ्यांत जास्त खेळणारी जी मंडळी, त्यांना मत नव्हतं. तेव्हा मतदानाचं वय होतं १८!

डोंगराच्या पोटात काय?

आता फ्रीडरिक्सहाइनच्या बागेत जाऊ. दाराशीच एक मोठं कारंजं आहे. भोवती बघा कोण कोण बसलंय! हिमगौरी, सिंड्रेला, लाल टोपीवाली मुलगी, बूट घातलेलं मांजर. ग्रिम बंधूंच्या गोष्टींतली ही मंडळी १९१३ पासून इथे मुक्कामाला आहेत. ते दोघे भाऊ शेवटची वर्षं बर्लिनमध्येच राहिले.

बागेत दोन टेकड्या आहेत. हिवाळ्यात मुलं त्यांच्यावरून घसरगाड्यांवर बसून खाली येतात. पण बर्लिन तर सपाट गाव. मग टेकड्या आल्या कुठून? त्यांच्या पोटात आहेत युद्धातले काँक्रीटचे प्रचंड बुरूज. तिथून विमानांवर तोफा डागत असत. युद्धानंतर ते सुरुंग लावून उडवले आणि वरून पडलेल्या घरांच्या विटा आणि माती ओतली. मग झाडं लावली. आजही माथ्यावर बुरुजाचा एक कठडा बाहेर डोकावताना दिसतो. शहराच्या पश्चिमेला असलेला टॉयफेल्सबेर्ग, म्हणजे 'सैतानाचा डोंगर', तोही असाच ढिगाऱ्यांचा झालेला आहे, १२० मीटर उंच! त्या विटा गोळा करणाऱ्यांत बायकाच पुष्कळ होत्या. हातातून हातात बादल्या देत त्यांनी शहर साफ केलं.

भिंतीच्या जागी झोपाळे

पाय दुखले? आता थोडंच राहिलं. माउअरपार्क म्हणजे 'भिंतीची बाग'. १९६१ ते १९८९ या २८ वर्षांत बर्लिनचे दोन तुकडे करणारी भिंत इथून जात होती. खरं तर एक नव्हे, दोन भिंती आणि मध्ये मोकळा पट्टा. तिथे पाऊल टाकणाऱ्यावर गोळी झाडली जाई. भिंत पडल्यावर त्या पट्ट्यावर बाग झाली, ती १९९४ मध्ये उघडली. आज तिथल्या उतारावर झोपाळे आहेत आणि रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो.

भिंत पडल्याचा आनंद थेट जपानमध्ये झाला. तिथल्या एका दूरदर्शन वाहिनीच्या आवाहनावरून लोकांनी पैसे गोळा केले आणि भिंतीच्या जुन्या वाटेवर चेरीची नऊ हजारांहून अधिक झाडं लावली गेली. एप्रिलमध्ये ती फुलली, की पूर्वी जिथे काटेरी तारा होत्या तिथे गुलाबी फुलांचा मांडव पडतो.

जाता जाता आणखी दोन ठिकाणं. डालेमच्या वनस्पती उद्यानात सुमारे २० हजार प्रकारच्या वनस्पती आहेत. बाहेर बर्फ पडत असताना तिथल्या काचेच्या उंच घरात बांबू मजेत वाढत असतो. आणि ज्युडगेलेंड हे जुनं रेल्वे यार्ड. गाड्या बंद झाल्या, माणसं विसरली आणि रुळांमधून आपोआप जंगल उगवलं. आता तिथे लोखंडी पुलावरून चालायचं. कुणी न लावलेली ही बाग कुणी तुडवायची नाही!

बघितलंत ना? यातली कोणतीही बाग आयती मिळालेली नाही. कुठे राजाने कुंपण काढलं, कुठे महापौराने रोप लावलं, कुठे लोकांनी सह्या केल्या, आणि ज्युडगेलेंडला तर माणसांनी नुसतं मध्ये न येण्याचं ठरवलं. तेही सोपं नसतं.

आता तुमचं काम. तुमच्या घराजवळची एक मोकळी जागा शोधा. मैदान, बाग, तळ्याचा काठ, काहीही. तिथे पूर्वी काय होतं, ते गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. ती जागा कुणाची आहे आणि पुढे तिथे काय होणार आहे, ते आईबाबांना विचारा. उत्तरं वहीत लिहा, जमलं तर नकाशा काढा आणि आम्हाला पाठवा. आणि हो, आईबाबांना उत्तर येत नसेल, तर त्यांनाही शोधायला लावा!

पुढच्या आठवड्यात डोंगर चढायचा आहे. तोवर पाय शेकून घ्या. अच्छा!